पुरासाठी रिकामी जागा की उन्हाळ्याचं पाणी? कोकणातल्या धरणासाठी पर्याय

पुरासाठी रिकामी ठेवलेली जागा पिण्याच्या पाण्याने भरायची का, हे ठरवण्याआधी धरणाला दारं आहेत का ते बघा. कोकणातल्या बहुतेक लघु पाटबंधारे तलावांना ती नसतात. पूर्ण संचय पातळी गाठली की पाणी सांडव्यावरून आपोआप निघून जातं. तिथे पुरासाठी राखलेली वेगळी जागाच नाही, मग पिण्यासाठी वळवणार काय? सांडव्यावर फळ्या किंवा वाळूची पोती लावून फूटभर पाणी अडवायची युक्ती कुणीतरी सुचवतंच. मातीच्या धरणावर ती करू नका. तेवढ्याने सांडव्याची वहनक्षमता घटते, आणि मोठ्या येव्यात (धरणात येणाऱ्या पाण्यात) पाणी मातीच्या माथ्यावरून गेलं की भराव धुपून धरण फुटतं.

दारं असतील तरच पुढचा हिशेब. समजा पाणलोट 40 चौरस किमी आणि पुरासाठी राखलेली जागा 3 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे.

पाणी म्हणून किंमत: माणशी 55 लिटरप्रमाणे आठ महिन्यांना सुमारे 13,200 लिटर लागतात. बाष्पीभवन आणि गळतीत एक तृतीयांश गेलं असं धरलं तरी 2 दलघमी दीड लाख लोकांना पुरतं.

पूर म्हणून किंमत: दिवसात 250 मिमी पाऊस पडला तर पाणलोटावर 10 दलघमी पाणी पडतं. त्यापुढे 3 दलघमी किरकोळ वाटतं, पण इथे जागा तासांत मोजायची. येवा 300 क्युमेक (सेकंदाला घनमीटर) आणि खालच्या नदीपात्राची क्षमता 200 असेल, तर जादा 100 क्युमेक अडवायला ही जागा आठ तास वीस मिनिटं पुरते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास लागतात. म्हणजे खाडीला उधाण असताना विसर्ग रोखून ओहोटीवर सोडण्याएवढी सवड या जागेतून मिळते. 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, म्हणजे उधाणाच्या सुमाराचा होता, हे विसरू नये. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचा हिशेब करताना कोयनेचं अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणीही धरावंच लागतं.

आता पर्याय. जागा आहे तशी ठेवली तर पूर सांभाळला जातो, पण ऑक्टोबरनंतर ती विनाकारण रिकामी राहते. पूर्ण संचय पातळी कायमची वाढवली तर पाणी सर्वांत जास्त मिळतं, पण नवं बुडीत क्षेत्र, भूसंपादन, वनजमिनीची परवानगी, दारांवरचा वाढीव दाब आणि सांडव्याची नव्याने तपासणी एवढं सगळं मागे लागतं. आमचा कौल तिसऱ्या, हंगामी पर्यायाला: पुष्य, आश्लेषा आणि मघा संपेपर्यंत जागा रिकामी ठेवायची, पूर्वा नक्षत्रापासून टप्प्याटप्प्याने भरायची आणि हस्तापर्यंत पूर्ण करायची. यातला खरा धोका म्हणजे सप्टेंबर कोरडा जाणं. म्हणून भरण्याची तारीख सरासरी पावसावर नव्हे, कमी पावसाच्या वर्षांवर ठरवा.

अभ्यासात घोळ होतो तो बहुधा आकडेवारीत. येव्याच्या किमान 30 वर्षांच्या नोंदी घ्या. नसतील तर साठ्यातला बदल, विसर्ग, सांडवा आणि बाष्पीभवन यांच्या बेरजेतून येवा काढा. पाणीपुरवठ्यासाठी दहा दिवसांचे आकडे चालतात, पण पुराला तासाचेच हवेत. सह्याद्रीवरून उतरलेलं पाणी काही तासांत खाडीला भिडतं, आणि दैनिक सरासरीत पुराचा माथा दिसतच नाही. जुना पातळी-साठा तक्ता वापरण्याआधी गाळाचं सर्वेक्षण करून घ्या, नाहीतर कागदावरच्या 3 दलघमीतला काही भाग गाळच निघेल.

मग प्रचालन सूची, म्हणजे कधी किती पाणी साठवायचं आणि सोडायचं याचं वेळापत्रक, नव्याने बांधायची. पाणीवापर हक्काची बाजू महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यानुसार, धरणाच्या सुरक्षिततेची 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार तपासा. वीज गेल्यावर दारं उचलायला जनरेटर, हाताने फिरवायची सोय आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला तरी धरणावर मुक्कामी असणारा माणूस, हे तिन्ही नसतील तर सप्टेंबरमध्येही जागा भरू नका. आणि जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता आधी विचारा. केंद्र आत्ताच पूर्ण भाराने चालत असेल, तर धरणात वाढलेलं पाणी मे महिन्यात धरणातच राहील.