हायज सॉल्व्हर: मर्यादित क्षमतेच्या वाहतूक जाळ्यांसाठी कितपत कामाचा?

कोणते लिंक बांधायचे आणि त्यांवरून कोणता माल किती न्यायचा, हे एकत्र ठरवायला हायज (HiGHS, असे रेषीय आणि पूर्णांकी प्रश्न सोडवणारं सॉफ्टवेअर) उत्तम. मॉडेल मात्र घट्ट हवं, म्हणजे अटी शक्य तितक्या काटेकोर. ढिलं असेल तर रात्रभर चालवूनही गॅप, म्हणजे हाती आलेलं उत्तर आणि सिद्ध झालेली मर्यादा यांतलं अंतर, हलत नाही. एडिंबरो विद्यापीठात घडलेला हा सॉल्व्हर मुक्त स्रोत आहे, परवाना एमआयटीचा. सायपाय या पायथन लायब्ररीचं मिल्प फंक्शनही आतून हायजच वापरतं, पण त्यात आधीच्या उत्तरापासून पुढे सुरुवात करता येत नाही. म्हणून थेट हायजपाय (हायजचं स्वतःचं पायथन पॅकेज) घ्यावं.

खरी मेख क्षमतेच्या अटीत आहे. समजा लिंकची क्षमता १००, बांधणीचा खर्च १,००० आणि मागणी फक्त ५. 'बांधणी' हे चल लिंक बांधला तर १, नाही तर ०. नुसतं 'एकूण प्रवाह ≤ क्षमता × बांधणी' लिहिलं, तर रिलॅक्सेशन (अपूर्णांकही चालणारी प्रश्नाची सोपी आवृत्ती) बांधणी ०.०५ धरतं आणि खर्च ५० दाखवतं! खर्चाची खालची मर्यादा इतकी कमकुवत असली की शोधातल्या पर्यायांच्या फांद्या छाटल्याच जात नाहीत. त्यात प्रत्येक मालासाठी 'प्रवाह ≤ मागणी × बांधणी' ही अट जोडली, की बांधणीचा तो ०.०५ आकडा १ होतो. २०० लिंक आणि १०० मागण्या असतील तर अशा २०,००० अटी होतात. सगळ्या एकदम भरू नयेत. आधी रिलॅक्सेशन सोडवावं, मोडलेल्या अटी तेवढ्या जोडाव्यात, पुन्हा सोडवावं. ड्युअल सिम्प्लेक्स ही आतली पद्धत आधीच्या उत्तराच्या बेसिसवरून लगेच पुढे जाते.

मागण्या उगमानुसार एकत्र केल्या तर चलं खूप कमी होतात, पण याच अटी सैल पडतात.

न बांधलेल्या लिंकवरून माल जाताना दिसला, तर आधी अटीत बांधणीला लावलेला गुणक तपासा. पूर्णांकाची सहनशीलता मुळात ०.०००००१ असते, गुणक १०,००,००० ठेवला तर बांधणी शून्य समजूनही १ एकक निसटतं. गॅपची मूळ मर्यादा ०.०१ टक्के आहे. आराखड्याच्या टप्प्यावर १ टक्का पुरतो. वेळेला मर्यादा नसते, ती स्वतः घालावी.

रस्त्यांसाठी क्षमता ही भिंत नसते. बीपीआर सूत्राने (गर्दीनुसार प्रवासाचा वेळ सांगणारं नेहमीचं सूत्र) क्षमतेइतक्या वाहतुकीला वेळ १५ टक्के वाढतो, दीडपटीला सुमारे ७६ टक्के. एकूण वेळेचा वक्र बहिर्वक्र असल्याने सरळ तुकड्यांत मांडता येतो, जादा बायनरी (०-१) चलं लागत नाहीत. तुकडे क्षमतेच्या आसपास आणि पुढे दाट ठेवावेत. यातून मिळतं ते सगळ्यांचं मिळून सर्वोत्तम वाटप. चालक मात्र आपापला रस्ता निवडतात, आणि नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे गणितज्ञ ब्रेसने १९६८ मध्ये दाखवलं. आराखडा आपण ठरवायचा आणि रस्ता चालकांनी, असा तो द्विस्तरीय प्रश्न हायजला थेट देता येत नाही.