बट, ऑल्दो, हाउएव्हर की डिस्पाइट?

'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' हे वाक्य वाचून काहीच खटकलं नसेल, तर पुढचं तुमच्यासाठीच आहे. यात तुमची फारशी चूक नाही, आपल्या जरी-तरीची आहे. 'जरी पाऊस पडत होता, तरी आम्ही गेलो' असं म्हणताना मराठी दोन्हीकडे खुंटी मारते. इंग्रजीला एकच पुरते. गंमत म्हणजे, एकच ठेवायची झाली तर आपण 'तरी' ठेवतो आणि 'जरी' गाळतो: 'पाऊस पडत असला तरी गेलो.' इंग्रजी बरोबर उलट वागते. ती 'जरी' ठेवते, म्हणजे ऑल्दो, आणि 'तरी'च्या जागी नुसता स्वल्पविराम देते. ती जागा आपल्याला ओकीओकी वाटते, म्हणून आपण तिथे बट भरतो. जुन्या इंग्रजीत तिथे 'येट' यायचं. १६११च्या बायबलमध्ये 'दो... येट' अशी जोडी आहे. आज ते जुनाट वाटतं. बट मात्र सरळ चूक.

मग बट घ्यायचं की ऑल्दो? अर्थ तोच, वजन वेगळं. शाळेत शिकलेलं आठवा: 'पण' प्रधानत्वसूचक, 'जरी-तरी' गौणत्वसूचक. बट दोन्ही वाक्यांना एका पंगतीत बसवतं, ऑल्दो एकाला मागच्या रांगेत पाठवतं. हाताखालच्या माणसाला 'द वर्क इज गुड, बट इट इज लेट' लिहिलंत, तर त्याच्या डोक्यात उशीरच राहील. 'ऑल्दो इट इज लेट, द वर्क इज गुड' लिहिलंत, तर कौतुक राहील. काय ठसवायचं आहे ते आधी ठरवा, शब्द आपोआप ठरेल. एरवी शंका असेल तेव्हा बट घ्या. बटने वाक्य सुरू करू नये हा शाळेतला धाक होता, व्याकरणाचा नियम नव्हे.

हाउएव्हर हे ऑफिसच्या मेलमधलं लाडकं बाळ. भारदस्त वाटतं, म्हणून माझ्या जुन्या मेल्समध्ये दर तिसऱ्या ओळीला सापडतं, आणि बहुतेक ठिकाणी चुकीचं. 'इट वॉज रेनिंग, हाउएव्हर वी वेंट' हे चालत नाही, कारण या अर्थी हाउएव्हर उभयान्वयी अव्यय नाहीच, क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यं जोडायची ताकद त्यात नाही. आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, नंतर स्वल्पविराम: 'इट वॉज रेनिंग. हाउएव्हर, वी वेंट.' आपला जवळचा शब्द 'मात्र'. तोही वाक्याच्या पोटात शिरतो: 'आम्ही मात्र गेलो', 'वी, हाउएव्हर, वेंट.' छोट्या वाक्यांत त्याचा डामडौल नको. परिच्छेदाला वळण द्यायचं असेल तेव्हा शोभतो.

डिस्पाइटची भीती वाटते, पण मराठी माणसाला तोच सोपा जावा. तो म्हणजे 'असूनही'. 'पाऊस असूनही' म्हणजे 'डिस्पाइट द रेन', 'दमलेला असूनही' म्हणजे 'डिस्पाइट बीइंग टायर्ड'. पुढे नाम किंवा आयएनजीचं रूप येतं, अख्खं वाक्य नाही. 'डिस्पाइट इट वॉज रेनिंग' लिहावंसं वाटलं, तर तिथे ऑल्दो टाका आणि मोकळे व्हा. 'डिस्पाइट ऑफ' असं काही नसतं. ते 'ऑफ' 'इन स्पाइट ऑफ'मधून निसटून आलेलं आहे.

राहिला ऑल्दोचा धाकटा भाऊ, दो. लिहिताना दोघांत फारसा फरक नाही, पण बोलताना दो वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो आणि ऑल्दोला तिथे प्रवेश नाही. हे वळण कुठल्या तक्त्यातून शिकायची गरज नाही, कारण आपण घरी रोज तेच करतो. 'गेलो आम्ही. पाऊस होता पण.' 'वी वेंट. इट वॉज रेनिंग, दो.'