मोठ्या चाकाचा चरखा: कापूस कातायला कसा आहे?

बरेच दिवस वापरून झालाय म्हणून आता नीट लिहिते. ज्यांना फक्त कापूस कातायचाय, घरात एक कोपरा मोकळा आहे आणि सूत बारीक पण मऊ हवंय त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फोल्डिंग मशीन नाही, बॉबिन नाही, पायपट्टी नाही. लाकडी चौकट, एक मोठं चाक, चाकाला चातीशी जोडणारी एक दोरीची माळ आणि एक लोखंडी चाती (म्हणजे सूत पिळणारी आणि गुंडाळून घेणारी टोकदार सळई), बस एवढंच. याच जातीचं चाक युरोपात ग्रेट व्हील म्हणून चालायचं, तिकडे उभं राहून कातायचे आणि लोकरीचा धागा ओढत मागे मागे चालत जायचे. कापसाला तेवढं चालावं लागत नाही, हाताचा पल्ला जेवढा तेवढा ओढा पुरतो, फार तर एखादं पाऊल.

कापसासाठी हाच का, तर कापसाचा तंतू आखूड. देशी कापसाचा तंतू साधारण २० ते २५ मिलिमीटर, चांगल्या लांब धाग्याच्या जातीचा ३५ च्या पुढे. इतका आखूड तंतू एकमेकाला धरून राहायचा तर पीळ भरपूर लागतो, आणि तो पीळ चढेपर्यंत धाग्यावर ताण जवळजवळ नको. पायाने चालवायच्या बॉबिनच्या चाकावर बॉबिन धागा सतत आत खेचत असते, पीळ पुरा व्हायच्या आत ओढून घेते आणि तुटतं. इथे खेचणारं कोणीच नाही! चाती फिरत राहते, तिच्या टोकावरून धागा दर फेऱ्याला टुपकन निसटतो, एक निसटणं म्हणजे एक पीळ, आणि गुंडाळायचं कधी ते तुम्ही ठरवायचं. ह्या एका गोष्टीसाठी मी बाकीच्या सगळ्या अडचणी सोसायला तयार आहे.

आता वेग. माझं चाक १२० सेंटिमीटर व्यासाचं आणि चातीवर माळ बसते ती खाच २ सेंटिमीटरची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चाती ६० वेळा फिरते (माळ थोडी घसरते, ते सोडून द्या). २० नंबरचं सूत, म्हणजे एका ग्रॅममध्ये साधारण ३४ मीटर भरेल असं, त्याला इंचाला १८ च्या आसपास पीळ लागतो, मीटरला ७०० झाले. भागाकार केला की कळतं, एक मीटर धाग्याला चाकाचे बारा-एक फेरे. हे सगळं अगदी निवांतपणे होतं, हाताला घाई नाही, मनगट दुखत नाही. छोट्या एकचाकी चरख्यावर तेवढ्याच पिळाला हात गरागरा फिरवावा लागतो.

हाताचं काम सांगते कारण विकत घेण्याआधी लोक हेच विचारतात की जमेल का. उजव्या हाताने चाक, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सैल वळलेली वळी. पेळू चिमटीत अगदी हलका धरायचा, दाबला की संपलं. थोडा पीळ आत जाऊ द्यायचा आणि हात मागे न्यायला लागायचं, सुरुवातीला धागा गाठीगाठींचा दिसतो, घाबरायचं नाही, पीळ आधी बारीक जागी जाऊन बसतो आणि जाड जागा सैल राहतात, त्यामुळे अजून ओढलं की त्या जाड जागाच पातळ होतात आणि धागा आपोआप सारखा होत जातो. हे बघायला मला अजूनही तितकंच आवडतं. सारखा झाला की हात थांबवायचा, चाक चालू ठेवून शेवटचा पीळ द्यायचा. मग चाक किंचित उलटं, पाव फेराही नाही, म्हणजे चातीच्या टोकाशी बसलेले वेढे सुटतात, आणि हात चातीला काटकोनात आणून चाक पुन्हा सुलट, धागा कुकडीवर, म्हणजे चातीवर साठत जाणाऱ्या सुताच्या गुंडाळीवर, जातो. पीळ पुरला का हे बघायचं तर धाग्याचा तुकडा दोन्ही हातांत ताणून बघा, सरकून सुटला तर कमी, सैल सोडल्यावर लगेच वेटोळी घालायला लागला तर जास्त.

घेताना काय बघावं ह्यावर मात्र जरा जास्तच बोलणार आहे, कारण लोक चाकाची कोरीवकाम केलेले आरे बघतात आणि चाती बघतच नाहीत. चाती सरळ पाहिजे म्हणजे पाहिजेच. काढून काचेवर किंवा सपाट टेबलावर लोटून बघा, डुगडुगली तर ती धागा तोडणार, मग चाक कितीही सुंदर असो. टोक निमुळतं आणि गुळगुळीत हवं, टोचणारं नको, बोट फिरवून बघा, खरखर लागली तर बारीक पॉलिश पेपर मारून घ्या. चातीचे दोन आधार कशाचे आहेत विचारा. जुन्या पद्धतीत चामडं, काही ठिकाणी मक्याच्या कणसाची वाळलेली सालं वळून केलेले असायचे, दोन्ही उत्तम आणि आवाज नाही. थेंबभर तेल अधूनमधून. मग चाक, माळ काढून हलकेच फिरवा आणि थांबू द्या, दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर एका बाजूला जड आहे, कातताना हिसके देणार. समोरून बघा, कड डावी-उजवीकडे झुलत असेल तर माळ उडणार. माळ सुती दोरीची, गाठ लहानात लहान, आणि घसरत असेल तर जरा राळ चोळा.

पेळूबद्दल एवढंच की ह्या चरख्यावर खराब पेळू लपत नाही. नीट पिंजलेला, सैल वळलेला, सरकीचा तुकडा नसलेला पेळू असेल तर सूत स्वतःहून येतं. दाबून ठेवलेला जुना पेळू असेल तर दर हातभराला तुटतं आणि लोक चरख्याला दोष देतात. हवाही महत्त्वाची, कापूस थोडा दमट असला की जास्त ताकद धरतो, त्यामुळे फार कोरड्या हवेत जवळ ओलं फडकं टांगून ठेवा, फरक पडतो.

पेटी चरख्याशी तुलना होणारच. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३० च्या सुमाराला त्याचं रूप पक्कं झालं, म्हणून येरवडा चरखाही म्हणतात, आणि त्यात दोन चाकं जोडून वेग वाढवलाय, मिटवला की सुटकेससारखा उचलून न्या. प्रवासाला, शिकायला, कमी जागेत तोच बरा, ह्यात वाद नाही. पण मोठं चाक एकदा गतीत आलं की स्वतःच्या वजनाने फिरत राहतं, पीळ एकसारखा चढतो, आणि ही सलगता मला पेटीवर मिळाली नाही.

ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या ताणलेल्या धाग्यांना, हे सूत चालेल का? जर्मनीतल्या स्पायर गावच्या विणकरांच्या नियमात १३ व्या शतकाच्या शेवटी चाकावरचं सूत बाण्याला (आडव्या धाग्यांना) चालेल पण ताण्याला नाही असं होतं, म्हणजे शंका फार जुनी आहे. माझा अनुभव, पीळ पूर्ण दिला, लडी पाण्यात उकळून ताणून वाळवली आणि खळ नीट लावली तर ताणाही टिकतो. घाईने कातलेलं सूत बाण्यालाच ठेवा.

कमी बाजू: जागा खातो, जिन्यावरून न्यायला दोघं लागतात, एक हात कायम चाकावर अडकलेला त्यामुळे धागा निवडायला एकच हात उरतो, आणि दुहेरी पिळाचं सूत करायचं तर दोन कुकड्या सांभाळत बसावं लागतं ते कंटाळवाणं आहे. कुकडी भरली की सूत उतरवून लडी करायला फाळका (लडी गुंडाळायची चौकट) वेगळा घ्यावा लागतो, सोबत येत नाही. लांब तंतूची लोकर किंवा तसलंच काही कातायचं असेल तर दुसरे पर्याय बघा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा जागेसाठी कापला. घेणार असाल तर बनवणाऱ्याला एक जादा चाती सोबत मागा, दोन्ही लोटून बघून मगच उचला.