मिलिंगवरचा डीआरओ: काही महिने वापरल्यावर सेटिंगबद्दल

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या टूलरूममध्ये टरेट मिलिंग मशीनवर तीन अक्षांचा डीआरओ (टेबल किती सरकलं ते पडद्यावर आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट) आहे, पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) काचेच्या स्केलचा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याच्यावर निघाले. डबा, म्हणजे आकडे दाखवणारा डिस्प्ले, चांगला आहे, घ्यायला हरकत नाही. पण आला तसा जोडून जॉब काढायला लागू नका. पडद्यावर 0.005 चा आकडा हलतो म्हणजे मशीन पाच मायक्रॉनमध्ये चालतं, असं होत नाही.

रिझोल्यूशन, म्हणजे स्केलची एक पायरी किती मायक्रॉनची ते, प्रत्येक अक्षाला वेगळं भरावं लागतं. पाचच्या स्केलला एक भरलं, तर टेबल 100 मिमी सरकूनही 20 च दिसतात. ही चूक लगेच लक्षात येते. दिशेची येत नाही. टेबल डावीकडे गेलं की एक्स वाढला पाहिजे, कारण जॉबच्या हिशोबाने कटर उजवीकडे जातो. दिशा उलटी राहिली तर पीसीडीची (एका वर्तुळावर वाटून मारलेली) भोकं आरशातल्यासारखी पडतात, आणि सहा समान भोकांत ते दिसतही नाही. म्हणून असमान कोनांचा एखादा नमुना भंगाराच्या पट्टीवर मारून बघा.

स्केल टेबलाला 0.1 मिमीच्या आत समांतर हवी. 500 मिमीत 1 मिमी तिरकी बसली तरी मापात फरक जेमतेम एक मायक्रॉनचा. खरी भीती हेड (स्केलवरून सरकत माप वाचणारा भाग) घासण्याची आणि सिग्नल तुटण्याची. रबराची फट खाली ठेवा, नाहीतर कूलंट आत जातो.

आता करेक्शन, म्हणजे डब्यावरचं आणि खरं माप यांतला फरक डब्यात भरून काढणं. सगळा जीव इथेच आहे, आणि घाईही इथेच होते. आधी जिब (टेबलाची ढिलाई काढणारी पट्टी) घट्ट करून घ्या. ग्राइंड केलेला ठोकळा टेबलावर पक्का बसवा, स्पिंडलमधला लिव्हर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) त्याच्या बाजूला टेकवून शून्य करा, डीआरओही शून्य करा. मग 112 तुकड्यांच्या पेटीतल्या 100, 75 आणि 25 च्या स्लिप (अचूक मापाचे पोलादी तुकडे) एकमेकींना चिकटवून ठोकळ्याला लावा आणि पलीकडच्या टोकाला त्याच दिशेने, डायल पुन्हा शून्यावर येईपर्यंत टेकवा. 200.000 ऐवजी 200.025 आलं, तर 0.025 भागिले 200 गुणिले 1000, म्हणजे मीटरला उणे 0.125 मिमी. काही डब्यांत हाच आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती), उणे 125 असा भरतात. आकडा भरून पुन्हा मोजलं आणि 200.050 आलं तर चिन्ह उलटं पडलंय.

हे मधोमध आणि दोन्ही टोकांना करा. तिन्हीकडे फरक सारखा असेल तरच सरळ करेक्शन कामाचं. टोकांना वेगळा आला तर गाइडवे (ज्यांच्यावर टेबल सरकतं ते मार्ग) झिजलेत. एकच आकडा भरून एक जागा सुधारेल आणि दुसरी बिघडेल. तिथे तुकड्या-तुकड्यांचं करेक्शन, म्हणजे प्रत्येक भागाला वेगळा आकडा, वापरा.

हे काम मे महिन्यात भर दुपारी करू नका. पोलाद अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं, काच 8 च्या आसपास. 20 ऐवजी 40 अंशांवर 200 मिमीत त्या दोघांतला फरकच 0.014 मिमी होतो. वरच्या 0.025 मधला अर्ध्याहून जास्त भाग मग उन्हाचाच निघेल. स्लिप टेबलावर रात्रभर ठेवून सकाळी मोजायचं. ॲल्युमिनियमचा जॉब तर 23 मायक्रॉनने वाढतो, तो गरम असताना मापू नये.

आकडा उगाच नाचत असेल तर डब्याला दोष देण्याआधी आर्थिंग बघा. डब्याच्या आणि मशीनच्या बॉडीला जाड आर्थ वायर हवी, आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलबरोबर स्केलची केबल बांधू नये. कंपनाचा फिल्टर वाढवून आकडा शांत दिसतो, पण मूळ दोष तसाच राहतो.

एक गोष्ट मात्र फार आवडली. टेबलाचं लॉक आवळताना आकडा 0.01 ने सरकतो, ते डोळ्यांसमोर दिसतं. हँडलवरच्या खुणांच्या चाकावर हे कधी कळलंच नसतं. आता लॉक केल्यावरचा आकडा बघूनच ड्रिल उतरवतो.

झेडची स्केल नीला, म्हणजे टेबल वर-खाली करणाऱ्या भागाला, लावलीय, त्यामुळे क्विल (स्पिंडल खाली-वर नेणारी नळी) खाली आणली तर डबा काहीच मोजत नाही. खोली मापायची असेल तर क्विल लॉक करून नी वर घ्या. वीज गेल्यावर टेबल हललं असेल तर शून्यावर विसंबू नका, रेफरन्स मार्क (स्केलवरची कायमची खूण) पुन्हा शोधा. त्यासाठी जॉबचं शून्य सुरुवातीलाच त्या मार्कशी जोडून ठेवलेलं हवं.