मेन्स्ट्रुअल कप : घ्यावा, पण माप पाहूनच

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा, पुन्हा पुन्हा वापरता येणारा मऊ कप, आणला, जमला नाही आणि कपाटात पडून राहिला, की दोष बहुतेक वेळा मापाचा असतो. खोक्यावर वय आणि बाळंतपण विचारून लहान किंवा मोठा आकार सुचवतात. तेवढं पुरेसं नाही. गर्भाशयमुख किती खाली येतं, ते आधी पाहावं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ धुऊन मधलं बोट आत घातलं, की नाकाच्या शेंड्यासारखा टणक उंचवटा लागतो. तो पहिल्या पेराशीच लागला तर आखूड कप घ्या. अख्खं बोट जाऊनही जेमतेम लागला तर लांब चालेल.

बहुतेक कपांत २० ते ३० मिलि मावतं. संपूर्ण पाळीत सरासरी रक्तस्राव ३० ते ४० मिलिच असतो, त्यामुळे कप तासाभरात भरून वाहील ही भीती बहुतेकींसाठी अनाठायी आहे. तरी १२ तासांच्या आत तो रिकामा करायलाच हवा. अंगावरून जास्त जात असेल तर त्याआधी.

घालताना चुकते ती दिशा. सरळ वर न ढकलता माकडहाडाकडे रोख ठेवावा. नवखीला कडेचा एक भाग बोटाने आत दाबून केलेली निमुळती घडी सोपी जाते. आत गेल्यावर बुडाभोवती बोट फिरवून पाहा. खळगा लागला तर कप नीट उघडलेला नाही. बूड चिमटीत धरून हलकेच फिरवा. कप उघडूनही गळत असेल तर तो गर्भाशयमुखाच्या शेजारी बसलेला असू शकतो, म्हणून काढून पुन्हा घालावा. लघवी अडखळत होत असेल तर कप फार कडक असू शकतो, मऊ घ्यावा.

काढताना बुडाला असलेली दांडी ओढू नका! तिचं काम बूड सापडवण्यापुरतंच. बूड दाबून हवा आत शिरू द्यायची, मग डावीउजवीकडे हलवत कप बाहेर घ्यायचा. हाताला लागत नसेल तर उकिडवं बसून खाली जोर द्या. तो आत हरवत नाही, गर्भाशयमुखाचं छिद्र त्याच्यापुढे फारच बारीक असतं.

कडेखालची छिद्रं तुंबली की कप नीट चिकटत नाही. कपात पाणी भरून, तोंडावर तळवा दाबून पिळलं, की छिद्रांतून पाणी उडतं आणि ती मोकळी होतात. पाळी संपल्यावर भरपूर पाण्यात पाचेक मिनिटं उकळावा. पाणी आटलं तर सिलिकॉन तळाशी जळतं. वाळवून कापडी पिशवीत ठेवावा, हवाबंद डबीत नाही.

खरी अडचण अनेकदा घरातली असते. पहिल्या दोन-तीन पाळ्या शिकण्यात जातात, आणि तेवढा वेळ न्हाणीघराचं दार कुणी ठोठावता कामा नये. उकळायला एक वेगळं भांडं ठेवून ते कशाचं आहे हे घरात सरळ सांगावं. चोरून उकळणारी बाई घाई करते आणि कप अर्धवट स्वच्छ होतो. लग्न न झालेल्या मुलीने कप वापरू नये, हे म्हणणं मला मुळीच पटत नाही. योनीपटल ताणलं जाऊ शकतं, पण त्यावरून कुणाच्याही शरीरसंबंधांबद्दल काही सिद्ध होत नाही. मात्र तिलाच नको वाटत असेल, तर आईने आग्रह धरू नये.

२०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा आला. त्यात कपची गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी आढळली.

तांबी बसवलेली असेल तर ती कपासोबत निसटण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच वापरा. अंग बाहेर येत असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तरीही तेच. कप आत असताना अचानक ताप, उलट्या, अंगावर पुरळ असं काही झालं, तर तो लगेच काढून दवाखाना गाठा.