डेक की इंजिन? बारावीनंतर जहाजावर जायचं असेल तर

सुट्टीत आर्वीकडच्या आमच्या गावी आलो की बारावी झालेली पोरं आईबापाला घेऊन अंगणात येतात. डेकला (जहाज हाकायला) जाऊ की इंजिनला (यंत्रं सांभाळायला), हा जुना प्रश्न. आता त्याला शेपूट जोडलेलं असतं : जहाजं आपोआप चालणार म्हणतात, मग आपलं काय?

या शेपटाचं उत्तर वावरात आहे. मोटरला ऑटो लावला की रात्रीच्या लाइनला विहिरीवर जावं लागत नाही. पण पाणी खाली गेलेलं असताना लाइन आली, की तोच ऑटो मोटर कोरडी चालवून जाळतो. चक्कर वाचली, लक्ष ठेवणं वाचलं नाही. जहाजावर दोन्हीकडे असे ऑटो आहेत, पण त्यांची फसण्याची तऱ्हा वेगळी. निवड त्यावरूनच करावी, असं मला वाटतं. मी इंजिनचा माणूस आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

डेकवरची चूक गुपचूप येते. जागा जीपीएस सांगतं, सुकाणू ऑटोपायलट धरतो, तुम्ही चार तास वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर. जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनला निघालं आणि थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची केबल सुटली. यंत्र बंद पडलं नाही. वेग आणि दिशेवरून अंदाजाची जागा दाखवत राहिलं, पडद्यावर दोन बारीक अक्षरं तेवढी बदलली. दीड दिवस एकामागून एक अधिकारी त्यावर विसंबला. वाटेतला एक बोया (पाण्यातली तरंगती खूण) दिसलाच नाही, तरी कॅप्टनला ‘दिसला’ म्हणून सांगितलं गेलं. नँटकेट बेटाजवळ जहाज रुतलं तेव्हा ते मार्गापासून सुमारे १७ सागरी मैल सरकलं होतं.

म्हणून ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीत, सगळं ठीक दिसत असतानाही खिडकीबाहेर बघून पडद्यावर शंका घेणारं पोरगं हवं. वॉचवर झोप लागू नये म्हणून ३ ते १२ मिनिटांच्या अंतराने बटण दाबायला लावणारा अलार्म असतो. हात जागा आहे एवढंच त्याला कळतं.

इंजिनची चूक बोंबलत येते. बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसतं. ड्यूटी इंजिनिअर केबिनमध्ये झोपतो आणि अलार्म वाजला की धावतो. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात ‘व्हायकिंग स्काय’ची चालू असलेली इंजिनं बंद पडली. टाक्यांत वंगण तेल कमी होतं, जहाज हेलकावे खात होतं, दाब घसरला आणि सुरक्षेच्या यंत्रणेने इंजिनं थांबवली. इंजिनं वाचली, पण १३७३ माणसं घेऊन जहाज खडकांकडे वाहू लागलं. खाली माणसांनी झटून इंजिनं पुन्हा चालू केली. अशा वेळी हात न थरथरता काम करणारं पोरगं इंजिनला शोभतं. उकाडा आणि कर्कश आवाज मात्र रोजचाच.

इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स झालेल्यांना तिसरी वाट आहे, ईटीओची, म्हणजे जहाजावरची वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची. मार्च २०२४ मध्ये ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं, पूल कोसळला आणि पुलावरचे सहा कामगार गेले. तपास एका सैल वायरपाशी पोचला. ऑटोमेशन वाढेल तशा वायरी वाढतील, आणि त्या ओळखणारा माणूसही लागेल. आज माझ्या भाच्याने विचारलं तर मी हीच वाट सांगेन.

शिक्षणाचं थोडक्यात : डेकला तीन वर्षांची बीएससी किंवा एक वर्षाचा डिप्लोमा, इंजिनला चार वर्षांचं बीटेक. मेकॅनिकल झालेल्यांना एक वर्षाचा कोर्स पुरतो. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा, तसे पैसे घेणं बेकायदा आहे.

फॉर्म भरण्याआधी वर्ध्याला किंवा नागपूरला जाऊन डोळे तपासून घ्या. डेकला चष्म्याशिवाय चांगली नजर लागते, इंजिनला चष्मा काही प्रमाणात चालतो. रंग ओळखण्यात दोष असेल तर ते फी भरल्यावर कळू नये.