जुन्या ट्रॅक्टरचं सँडब्लास्टिंग: काही महिने चालवल्यानंतर

ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने वाळूसारख्या कणांचा मारा करून गंज आणि जुना रंग काढणं. ते करून, नवा रंग चढवून आलेला ट्रॅक्टर त्या दिवशी देखणाच दिसतो. केलं ते बरं की वाईट, हे कामाला जुंपल्यावर कळतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

बिडाच्या भागांवर मी खूश आहे. गिअरबॉक्सचं कवच, मागचा अ‍ॅक्सल, पुढचा बीम; खाचाखोचांतला गंज वायर ब्रशने निघालाच नसता. तिथला रंग अजून कुठेही सुटलेला नाही. मात्र उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत लालसर होतं. त्याच दिवशी प्रायमर मारणार नसाल तर ब्लास्टिंग करूच नका.

बॉनेटने निराशा केली. पत्रा तापून वाकतो असं सगळे म्हणतात, पण जास्त नुकसान कणांच्या ठोक्यांनी होतं. मार बसलेली बाजू पसरते, मागची तशीच राहते आणि पत्रा फुगतो. प्रायमरखाली काही दिसलं नाही. चकचकीत रंग चढला आणि उन्हात लाटा दिसू लागल्या. मध्यभागी दाबलं की ‘टक्’ आवाज येतो. मडगार्ड केमिकल रिमूव्हरने साफ केले होते, ते सरळ आहेत.

सगळ्यात महागात पडते ती आत गेलेली वाळू. कारागिराने पुढच्या चाकांच्या हबची (मधल्या, बेअरिंग बसतात त्या भागाची) तोंडं नुसती टेपने झाकली होती. वाळूच्या माऱ्यापुढे टेप टिकत नाही. तिथे पत्र्याची चकती किंवा घट्ट रबरी बूचच हवं. काही महिन्यांनी सील गळू लागलं. हब उघडलं तर ग्रीस करकरीत झालेलं आणि बेअरिंगवर ओरखडे. ब्लास्टिंगआधी तेल-ग्रीस पूर्ण धुतलं नाही तर कण तिथेच चिकटून बसतात, नुसत्या हवेने उडत नाहीत. बोल्टची बंद भोकं, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड), ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) हेही तपासा. इंजिन तर जोडलेल्या अवस्थेत ब्लास्टिंगला देऊच नये.

आणि हो, साधी वाळू नकोच. तिच्यातल्या सिलिकाच्या बारीक धुळीने फुप्फुसांना सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ब्रिटनने 1949 च्याच नियमांनी ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूला मनाई केली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते वेगळंच. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा हूड लागतो. वाळूऐवजी गार्नेट या खनिजाचे कण घेतले तर सिलिकाचा धोका बराच घटतो. रंगातल्या शिशाचा मात्र तेवढाच राहतो.

डिझेलची टाकी मी ब्लास्टिंगला दिलेली नाही. पातळ पत्रा आणि आत इंधनाची वाफ, तिचा रंग हातानेच काढणार आहे.